गप्प बसण्याचे दोन कायदे

डबा धुऊन रसिका जागेवर परतली, तर दिपेश साहेबांच्या टेबलासमोर बसलेल्या माणसाने दिपेश साहेबांचा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवला होता.

डब्याचं झाकण तिच्या हातातून सुटलं. खण्णकन वाजलं.

"ओ, काय करताय? ठेवा तो खाली!"

"ठेवतो ना." पण त्याने ठेवला नाही. चष्म्यातून तिच्याकडे बघत राहिला... सावकाश, बारीक अक्षर वाचल्यासारखा. "मॅडम, एक शंका आहे. याला नंबरच नाही. साधी काच आहे. साहेबांचे डोळे चांगले असतील तर चष्मा कशाला? आणि वाईट असतील तर चष्मा टेबलावर टाकून साहेब साईटवर गेले कसे?"

रसिकाने खाली वाकून झाकण उचललं. कोपऱ्यात फायलींना नाडी बांधत बसलेल्या विमलाबाई, कार्यालयाच्या एकुलत्या एक शिपाई, मान खाली घालून म्हणाल्या, "येतील, येतील. बसा."

"चौथ्यांदा बसतोय, मावशी. दर वेळी साहेब साईटवर. ही बाटली बघा. मागच्या वेळी मी पेनाने खूण केली होती."

त्याने बाटली उचलून धरली. लेबलावर निळी रेघ होती. पाणी बरोब्बर रेघेवर.

तर खरी गोष्ट अशी, की दिपेश साहेब अडीच वर्षांपूर्वीच बदली होऊन गेले होते. त्यांच्या जागी कुणीच आलं नव्हतं. राईपासून तारोडीपर्यंतच्या गावांच्या बांधकाम परवानग्या बघणारा हा खाडीकिनारा नियोजन कक्ष. केबिन रोडवर, साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. मंजूर पदं अकरा. माणसं तीन. कक्षाचे अधिकारी यतीन सर, रसिका आणि विमलाबाई. उरलेल्या आठ खुर्च्या बघून लोक आरडाओरडा करायचे, म्हणून विमलाबाईंनी केबिन रोडच्या फुटपाथवरून चष्मा आणला. कुणाच्या टेबलावर चष्मा, कुणाच्या बाटली, कुणाच्या खुर्चीला शाल. साहेब कुठेत? साईटवर. लोक गप्प बसायला लागले. सरकारी माणूस बसून खातो असं तुम्ही म्हणता ना, ते एकदा इथे येऊन म्हणा. इथे बसून खाणारी शाल होती. माणूस उभ्याने खात होता.

"नाव काय तुमचं?" रसिकाने आवाज कडक केला.

"ट्रॉय मुनीस. तारोडी. जेट्टीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आणि सुट्टी टाकून इथे बसतो." त्याने पिशवीतून चार कागद काढले. "घराची तुळई मोडायला आलीय. दुरुस्तीची परवानगी मागतोय. चार वेळा त्रुटीपत्र आलं. चारही वेळा एकच त्रुटी. नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नाही. मी दाखवली होती, मॅडम. पहिल्या दिवसापासून दाखवली होती. म्हटलं, बारीक झाली असेल. म्हणून आता..."

त्याने नकाशा उलगडला. घर कोपऱ्यात, आगपेटीएवढं. उरलेल्या सगळ्या कागदावर एक बाण, सुरमईएवढा जाडजूड. त्याच्यावर लाल अक्षरात लिहिलेलं: उत्तर. इकडे. देवाशप्पथ.

रसिकाला हसू फुटलं. तोंडावर हात ठेवला तरी फुटलंच. कित्येक आठवड्यांत ती या खोलीत हसली नव्हती.

त्याने चष्मा काढला. बिनचष्म्याचे डोळे जास्त धोक्याचे होते. "हसल्यावर तुम्ही इथल्या वाटत नाही, मॅडम."

"मुद्द्याचं बोला."

"मुद्द्याचंच. ही सही कुणाची? श्रीमती र. मांजरेकर. मला या बाईंना एकदा भेटायचंय. उत्तर दिशा दाखवायचीय त्यांना... हाताला धरून."

विमलाबाईंना ठसका लागला.

रसिकाने नकाशावर आवक शिक्का मारला. तारीख घातली. मान वर न करता म्हणाली, "त्या... साईटवर गेल्यात."

कारण रसिका मांजरेकर तीच होती.

*

आता त्या बाणाची भानगड. कायदा सांगतो, परवानगीचा अर्ज आला की साठ दिवसांत उत्तर द्या. नाही दिलं, तर परवानगी मिळाली असं मानायचं. मानीव परवानगी. कायदा लोकांच्या बाजूचा आहे. पण तीन माणसं चारशे फायली साठ दिवसांत कशा बघणार? म्हणून यतीन सरांनी युक्ती काढली होती. एकोणसाठाव्या दिवशी त्रुटी काढायची. त्रुटीपत्र गेलं की घड्याळ परत शून्यावर. आणि त्रुटी काढायला फाईल उघडायची गरज नाही. एक वाक्य तयार होतं: उत्तर दिशा दाखवलेली नाही. रसिकाच्या बोटांना ते पाठ झालं होतं. एका दुपारी तिने सत्तर फायलींवर ते चिकटवलं होतं. नकाशा न बघता.

महिन्याच्या शेवटी वर अहवाल जायचा. प्रलंबित शून्य. निपटारा शंभर टक्के.

ट्रॉयचा बाण मात्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. सतरा-अठरा दिवसांनी तिने गुपचूप फाईल उघडली आणि पाहणीची तारीख टाकली. इमारत निरीक्षकाचं पदही रिकामंच होतं, त्याचा अतिरिक्त कार्यभार तिच्याकडे. असे पाच कार्यभार तिच्या एका खुर्चीवर बसले होते.

तारोडीला बस थांबली तेव्हा तो थांब्यावर उभा होता. हाताला ग्रीस, शर्ट मात्र इस्त्रीचा.

"निरीक्षक कुठेत?"

"मीच."

"आणि त्या मांजरेकर?"

"आधी घर दाखवा."

घरात शिरताच सुकट आणि मेणबत्तीचा मिसळलेला वास आला. आतल्या खोलीत, पलंगाच्या वर, तुळईला हातभर लांब चीर पडली होती. तिच्याखाली बोटीची जुनी डोलकाठी टेकू म्हणून उभी केली होती. पलंगावर ट्रॉयचे वडील पायस बसले होते.

"ये बाय, बस. च्या घेशील? भिऊ नको, अजून पडली न्हाय. वारा आला का कुरकुर करते, माज्यासारखी."

"तुम्ही इथेच झोपता, अंकल?"

"मंग कुटं झोपू? बाहेरच्या खोलीत याची इंजिना हायत ना! बायकोपेक्षा जपतो त्यांना. बायको न्हाय म्हणून."

"डॅडी!" ट्रॉयचे कान लाल झाले.

तिने टेप काढली. एक टोक त्याने धरलं, दुसरं तिने. भिंत मोजली, दार मोजलं, खिडकी मोजली. दर वेळी टेप गुंडाळत आली की त्याचं बोट तिच्या बोटाजवळ यायचं... आणि थांबायचं. चिमूटभर अंतरावर. खिडकीतून खारा वारा येत होता. तिची बट उडून टेपवर पडली.

"किती आलं?" तिने विचारलं.

"वाचता येत नाही. केस आलेत मध्ये."

"मग बाजूला करा."

"कुणाचे? तुमचे?... परवानगी आहे?"

तिने स्वतःच बट मागे सारली. पेन घट्ट धरून ती आकडे लिहीत राहिली.

"मॅडम, रविवारी पण काम असतं तुम्हाला?" तो टेपकडे बघत म्हणाला. "नाही म्हणजे... रविवारी इथे किनाऱ्यावर कुणी नसतं. फक्त बोंबील वाळत असतात. ते काही कुणाला सांगत नाहीत."

तिला हो म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण डोक्यावर ती चीर होती आणि चीर तिच्याकडे बघत होती.

"ट्रॉय... र. मांजरेकर मीच. रसिका मांजरेकर."

तो हसला. "वाटलंच होतं मला. मावशींना ठसका लागला तेव्हाच. मग सांगा ना खरं, पहिल्या नकाशात बाण दिसला नव्हता तुम्हाला?"

"मी नकाशा उघडलाच नव्हता."

तो हसायचा थांबला.

"एकदाही?"

"चारही वेळा नाही. आणि दिपेश साहेब नाहीतच. अडीच वर्षं झाली. माणसंच नाहीत आमच्याकडे..."

"आठ महिने झाले, मॅडम." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. ते जास्त लागलं. "आठ महिने हा माणूस त्या लाकडाखाली झोपतोय. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. मला नकाशा जमत नाही. अडाणी आहे मी. रात्री बसून बाण काढत होतो मी! आणि तुम्ही... तुम्ही फाईल उघडलीच नाही? माणसं नव्हती तर माणसं नाहीत असं सांगायचं होतं. चष्म्याला कशाला खुर्चीवर बसवलंत?"

पायस म्हणाले, "अरे, पोरीवर का वरडतो?"

"ओरडत नाहीये, डॅडी."

बसमध्ये रसिकाने खिडकीला डोकं टेकलं. तो चूक बोलला असता तर तिला रडू आलं असतं. तो बरोबर बोलला होता, म्हणून ती मापांचा कागद उलगडून पुन्हा पुन्हा वाचत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने फाईलवर शेरा लिहिला. समक्ष पाहणी केली, दुरुस्ती तातडीची, परवानगीस हरकत नाही. आणि फाईल यतीन सरांच्या टेबलावर ठेवली. तिथे आधीच कमरेएवढी चळत होती.

*

त्याच आठवड्यात, अर्जाच्या तिसाव्या दिवशी, विमलाबाई एक कागद नाचवत आल्या. "ताई, माहिती अधिकार. तारोडीचा."

जन माहिती अधिकारी हा रसिकाचा पाचवा कार्यभार होता.

अर्जात चार प्रश्न. एक, कक्षात मंजूर पदं किती, भरलेली किती? दोन, दिपेश साहेब कुठे आहेत? तीन, गेल्या वर्षी उत्तर दिशेची त्रुटी किती जणांना पाठवली? तिन्ही निळ्या शाईत, कागदाला भोक पडेल असे दाबून लिहिलेले. आणि त्यांच्याखाली, दुसऱ्या पेनाने, बारीक अक्षरात...

चार, रविवारचं काय?

"हे कुठल्या कलमात बसतं?" विमलाबाईंनी डोळे बारीक केले.

"विमलाबाई, तुम्ही आवक नंबर टाका."

यतीन सरांनी पहिले तीन प्रश्न वाचले. चौथ्यापर्यंत गेलेच नाहीत. बीपीची गोळी पाण्याशिवाय गिळली. "उत्तर देऊ नकोस."

"सर, तीस दिवसांत द्यावं लागतं."

"नाही दिलं तर मानीव नकार. माहिती नाकारली असं धरतात. मग तो अपील करेल. अपील माझ्याकडेच येणार. ते मी बघतो. आणि त्याच्या फाईलवर पाचवी त्रुटी काढ. दोन्हींच्या तारखा जवळजवळच येतायत."

"सर, मी पाहणी केलीय. घर पडेल ते."

"प्रत्येक घर पडेल, रसिका! चारशे घरं पडतील! मी काय काय बघू?" त्यांनी कपाळ चोळलं. "मला माणसं नकोयत असं वाटतं तुला? बारा पत्रं लिहिली वर."

"वरून काय उत्तर आलं?"

त्यांनी समोरची फाईल उगाच पुढे ओढली.

"मी सांगते. निपटारा शंभर टक्के असताना माणसं कशाला हवीत, हेच ना? आपण खोटं लिहितो म्हणून माणसं मिळत नाहीत, सर. आणि माणसं नाहीत म्हणून आपण खोटं लिहितो."

यतीन सरांनी ड्रॉवर अर्धा उघडला. आत तिच्या परिविक्षेचा अहवाल होता. दोन वर्षं पुढच्या महिन्यात संपत होती. त्यावर सही झाली की ती कायम. घरी आई रोज दारातच विचारायची, "झालीस का गं कायम?"

"अजून सही केलेली नाही," सर म्हणाले आणि ड्रॉवर हळूच लोटला. धमकी देताना आवाज चढवायची गरज नसते, ते कामच इतक्या सभ्यपणे होतं.

*

वीस दिवस ती गप्प राहिली. एकविसाव्या दिवशी तो आला. या वेळी चष्म्यासमोर बसला नाही. सरळ तिच्या टेबलाशी आला.

"त्या दिवशी जास्त बोललो."

"जास्त नाही बोललात," ती म्हणाली. "बोललात ते खरं होतं."

"मग अर्ज मागे घेऊ?"

"घेतलात तर मी कधीच बोलणार नाही तुमच्याशी."

तो चमकला. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "म्हणजे नाही घेतला तर बोलणार?"

यतीन सरांच्या केबिनचं दार अर्धं उघडं होतं. आत पंख्याची घरघर थांबली. सर ऐकत होते का? रसिकाने आवाज खाली आणला. "ऑफिसवर अर्ज टाकलात तुम्ही. माझ्यावर."

"ऑफिसवर तीन प्रश्न. तुमच्यावर एकच."

"भांडण आणि... ते... एकाच कागदावर?"

"कागद एकच होता घरात." तो टेबलावर वाकला. "उत्तर येणार ना, मॅडम?"

"माहितीच्या अर्जाला तीस दिवस उत्तर नाही आलं, की नकार समजायचा. आणि परवानगीच्या अर्जाला साठ दिवस उत्तर नाही आलं, की होकार समजायचा."

"थांबा थांबा. एकीकडे गप्प म्हणजे नाही, आणि एकीकडे गप्प म्हणजे हो?"

"हो."

"एकाच टेबलावर?"

"माझ्याच."

त्याने तिच्याकडे बघितलं. बाहेर केबिन रोडवर रिक्षावाले एकमेकांवर खेकसत होते. आत एवढी शांतता होती, की विमलाबाईंनी ओढलेली नाडीसुद्धा ऐकू आली.

"मग तुम्ही आत्ता गप्प आहात... ते कुठल्या कायद्यातलं?"

केबिनमधून बेल वाजली. लांब, कर्कश. रसिका उठली. आत गेली.

*

गुरुवारी माहितीचा तिसावा दिवस होता. परवानगीचा साठावा शुक्रवारी.

गुरुवारी सकाळी सर म्हणाले, "त्रुटी आज काढ. माहितीला हात लावू नकोस." आणि मीटिंगला गेले.

रसिकाने संगणक सुरू केला. त्रुटीचं वाक्य समोर आलं, बोटांना पाठ असलेलं. तिला आईचा दारातला चेहरा दिसला. मग ती डोलकाठी दिसली. मग बाण... देवाशप्पथ. तिने ती खिडकी बंद केली आणि कोरा कागद घेतला.

एक, मंजूर पदे अकरा, भरलेली तीन. दोन, श्री. दिपेश यांची अडीच वर्षांपूर्वी बदली झाली, त्यांचे टेबलावरील चष्मा व बाटली कार्यालयाने ठेवलेली आहे. तीन, सदर त्रुटी एकशे शहाऐंशी अर्जदारांना पाठवली, त्यांपैकी नकाशा पाहून पाठवलेल्या: शून्य.

चौथ्याशी तिचा हात थांबला. आज गप्प बसलं की नकार. कायदाच तसा होता. तिने ओठ चावला आणि एका दमात लिहिलं:

चार, सदर माहिती कार्यालयीन अभिलेखात उपलब्ध नाही. अर्जदाराने समक्ष भेटावे. रविवार, सायंकाळी पाच.

सही केली. पूर्ण नावाची. र. नाही, रसिका.

विमलाबाईंनी जावक नंबर टाकला आणि पाकीट छातीशी धरून म्हणाल्या, "पोस्टात मीच जाते. आणि ताई, एक मिनिट." त्यांनी दिपेश साहेबांचा चष्मा उचलला, पदराने पुसला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. रिकाम्या टेबलावर एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं: पद रिक्त.

अर्ध्या तासात पहिला माणूस ओरडला. मग दुसरा. अडीच वर्षांचा साठलेला राग लोक रसिकाच्या टेबलावर आपटत राहिले, आणि ती प्रत्येकाला एकच सांगत राहिली: "बरोबर आहे तुमचं. हेच लिहून द्या. वर पाठवते."

शुक्रवारी तिने काहीच केलं नाही. ट्रॉयच्या फाईलवर तिचा 'हरकत नाही' हा शेरा होता, सरांची सही नव्हती, आणि त्रुटी नव्हती. दिवसभर ती घड्याळ बघत गप्प बसली. सहा वाजले. साठावा दिवस संपला. परवानगी मिळाली, कुणीही न देता.

सोमवारपर्यंत थांबायला सरांना जमलं नाही. शनिवारी त्यांचा मेसेज आला. परिविक्षा सहा महिने वाढवली. आणि पाच मिनिटांनी दुसरा: "तुझ्या उत्तराची प्रत पाठव. तेराव्या पत्राला जोडतो."

*

रविवारी पाच वाजता तारोडीच्या किनाऱ्यावर खरंच कुणी नव्हतं. वलांडींवर, बांबूच्या त्या लांबलचक आडव्या दांड्यांवर, बोंबील लटकत होते, तोंडात तोंड अडकवून. वर गावात ट्रॉयच्या घराची कौलं उतरवलेली दिसत होती, आणि पायस खाली खुर्ची टाकून सुताराला हुकूम सोडत होते.

"शुक्रवारी सहा वाजून एक मिनिटाने कौलं काढायला घेतली," ट्रॉय म्हणाला. "डॅडी म्हणाले, ती पोर परत त्रुटी काढायच्या आत उरक."

"हुशार आहेत."

"नोकरीचं काय झालं?"

"सहा महिने वाढवली परिविक्षा. कायम नाही."

तो थांबला. चेहरा उतरला. "माझ्यामुळे."

"माझ्यामुळे. माझी सही आहे त्यावर. पूर्ण नावाची. वाचली नाहीस?"

तू. ते तिच्या तोंडून सहज निघून गेलं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं, आणि दोघंही समुद्राकडे बघायला लागले.

"सात वेळा वाचली," तो म्हणाला. "समक्ष भेटावे. भेटलो. आता माहिती द्या."

"विचार."

"रसिका..." पहिल्यांदाच नावाने. शब्द अडखळत होते, पहिल्या झटक्याला चालू न होणाऱ्या इंजिनासारखे. "मी जेट्टीवरचा माणूस. हाताला ग्रीस असतं. तुझ्या घरी चालेल न चालेल... पण मला तू... म्हणजे, मला आवडतेस तू. हसताना तर फारच. माझ्याशी... राहशील का, कायमची?"

ती बोलली नाही.

लाट आली, गेली. सुताराचा हातोडा वाजला, थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला.

"बोल ना. इतकी गप्प का?"

तिने त्याचा हात हातात घेतला, ग्रीससकट. टेपवर चिमूटभर अंतरावर थांबलेलं ते बोट आपल्या बोटांत अडकवलं. तरी बोलली नाही. फक्त हसली.

"अगं, हा कुठला कायदा? तीस दिवसवाला की साठ दिवसवाला?"

तिने दुसऱ्या हाताने त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड वळवलं, राईकडे, खाडीकडे, उत्तरेला.

"बाण तर केवढा मोठा काढतोस," ती म्हणाली, "आणि समोरचं उत्तर कळत नाही?"